दर दोन तासांनी गुलाबराव

राष्ट्र उभं करायला पोलाद लागतं. पोलादाला भट्टी लागते, भट्टीला आतून अस्तर लागतं, अस्तराला अग्निविटा लागतात आणि अग्निविटा नेमक्या भाजायला गुलाबराव लागतात. एकोणीसशे बासष्ट सालच्या उन्हाळ्यात भिलाईत हे सगळं जागच्या जागी होतं. फक्त गुलाबरावांना लघवीला लागली होती.

ती त्यांनी दाबून धरली. पाच वर्षं ते हेच करत आले होते.

गुलाबराव म्हणजे माझे भाऊजी, अन्नपूर्णाताईचे यजमान. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरचे, पण लहानपणापासून कवेलूच्या आव्यापाशी, म्हणजे कौलांच्या भट्टीपाशी, वाढलेले. भिलाईत प्लांट उभा राहायला लागला तेव्हा एका ठेकेदाराने कुम्हारीच्या रस्त्याला अग्निविटांचा कारखाना काढला आणि भाऊजींना तिथे भट्टीवर घेतलं. मी दुर्ग स्टेशनावर तिकीटबाबू होतो. म्हणजे भाऊजींनी काही तापवलं की त्याचे चटके बसण्याइतका जवळ.

विटांची भट्टी चार दिवस जळायची. तिच्या भिंतीत मुठीएवढं भोक असतं, त्याला डोळा म्हणत. भोकातली वीट काढायची, निळी काच डोळ्याला लावायची आणि आतल्या उजेडाचा रंग पाहून ठरवायचं की कोळसा घालायचा, का थांबायचं. आत मातीचे शंकू पण ठेवलेले असत. उष्णता पुरी झाली की शंकू वाकतो. पण शंकू वाकल्यावर सांगायचा. गुलाबराव वाकायच्या आधी सांगायचे. म्हणून पगार गुलाबरावांना होता, शंकूला नव्हता.

या कामात एक गोम होती. शेड अंधारी होती. त्या अंधारात माणसाची नजर बसली की त्याला लाल आणि पिवळ्याच्या मधले सतरा रंग दिसत. बाहेरच्या उन्हात गेला की नजर मोडायची, आणि परत आल्यावर अर्धा तास सगळंच काळपट दिसायचं. संडास होता रेल्वेच्या साइडिंगपलीकडे, उघड्या मैदानात, दोनशे पावलांवर. तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत भाऊजी पाळी सुरू झाली की बारा तास शेडबाहेर पाऊल टाकत नसत. जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नसत. भट्टीसमोर बसून घामाने जेवढं जाईल तेवढं जाऊ द्यायचं, असा हिशेब. शेडमध्येच कुठे आडोशाला जावं म्हटलं तर तेही नाही. भट्टी पेटवताना नारळ फुटायचा, लिंबू कापायचं. तिच्यासमोर कोणी थुंकायचं सुद्धा नाही. मदतनीस सुखराम तर भट्टीला दाई म्हणायचा, म्हणजे त्याच्या छत्तीसगढीत आई. दाईच्या घरात तसलं काही चालत नाही.

या निग्रहाबद्दल दर एक मेला भाऊजींना हार घातला जाई. 'पाळीत एकदाही जागा न सोडणारा कामगार.' तीन वर्षांचे तीन फोटो ताईच्या घरी भिंतीवर होते. चौथा हार पडायच्या आधीच लघवीतून रक्त आलं.

मी त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टर खानझोडे म्हणून एक शांत गृहस्थ होते. त्यांनी मूत्राशयातून लिंबाएवढा खडा काढला. भाऊजींनी तो रुमालात बांधून मागून घेतला, उजेडात धरला आणि भाजणी बरी आहे असं मत दिलं. आम्हाला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. खडा काढताना डॉक्टरांना आतल्या अस्तरावर रुपयाएवढा पांढरा चट्टा दिसला होता. त्याचा कण काढून त्यांनी तपासायला पाठवला होता. पंधरा दिवसांनी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मी ते तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. मग त्यांनी भाऊजींचा हात उलटा करून त्यांच्या तळव्यावरचा घट्टा दाखवला. फावडं घासून घासून इथे जशी कातडी जाड झाली, तशी ती आत झाली आहे. हातावर घट्टा पडला तर बिघडत नाही, पण ती जागा घट्ट्याची नाही. फार कमी लोकांना होतं. वर्षानुवर्षं खडा घासला, लघवी तुंबली, पाणी कमी पडलं, त्याचा हा परिणाम.

"कॅन्सर हाये का?" भाऊजींनी विचारलं.

"नाही."

"मंग होईन?"

"बहुतेक होणार नाही. पण काही जणांना पुढे होतो. आज सांगता येत नाही."

"मंग औषध द्या."

"याला औषध नाही. भरपूर पाणी प्यायचं. दर दोन तासांनी लघवीला जायचं, लागो न लागो. विडी बंद. आणि दर तीन महिन्यांनी यायचं, मी आत नळी घालून पाहीन."

"पाहून काय करान?"

"जसा आहे तसा असला तर परत पाठवीन."

भाऊजींच्या कपाळावरची शीर मी ओळखत होतो. ते खुर्चीच्या कडेला सरकले. "डागदरसाहेब, मी विटा भाजतो. वीट तीन परकारची असते. कच्ची, पक्की अन् जळेल. मी यातला कोन्ता, तेवढं सांगा."

खानझोडेंनी चष्मा पुसला. "तुमची वीट अजून भट्टीत आहे," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत गोंदियाला भाऊजी म्हणाले की एवढं शिकून माणसाला कच्चं-पक्कं सांगता येत नसेल तर त्याने दवाखाना कशाला काढावा. डोंगरगढला म्हणाले की खडा होता तेव्हा बरं होतं, निदान खडा तरी होता.

घरी तर वेगळाच वैताग. शेजारपाजारच्या बायका विचारत, काय झालं. ताई म्हणे, काही नाही झालं. मग नागपूरला कशाला गेले? काही होऊ नये म्हणून. यावर समोरची मैनाबाई एवढ्या करुणेने पाही की ताईला वाटे, सरळ मोठा रोग सांगून मोकळं व्हावं. मैनाबाईने गोखरूचा काढा सांगितला, कोणी कुळथाचं पाणी सांगितलं, कोणी सांगितलं की हे रशियन लोकांच्या सोबत काम केल्याने होतं. ज्याला नाव नाही त्या आजाराला औषध सांगायला सगळ्यांना सोपं जातं. याला नाव होतं, पण ते तिकिटाच्या पाठीवर होतं आणि तिकीट दुर्गच्या फाटकावर जमा झालं होतं. मीच ते जमा केलं. सवय.

दोन तासांसाठी ताईने गजराचं घड्याळ घेतलं आणि भाऊजींच्या डब्यासोबत कारखान्यात धाडलं. पहिल्याच दिवशी दहा वाजता ते खणखणलं. पाळी सुटायची घंटाही अगदी तशीच होती. विटा वाहणाऱ्या बायांनी टोपल्या खाली ठेवल्या, कोळसेवाल्यांनी फावडी उभी केली, आणि पाच मिनिटांत शेड रिकामी झाली. भाऊजी एकटे भट्टीसमोर, हातात घड्याळ.

तेव्हा मॅनेजर अरुणकुमार यांनी त्यांना बोलावलं. अरुणकुमार साहेब पाटण्याकडचे, सभ्य, केसांना तेल लावणारे आणि फॉर्मवर फार श्रद्धा असणारे. मी दुभाष्या म्हणून गेलो होतो, कारण भाऊजी चिडले की त्यांचं हिंदी संपायचं. साहेबांनी फॉर्म काढला. त्यात दोन रकाने: बीमार आणि तंदुरुस्त. बीमार असाल तर रजा घ्या. तंदुरुस्त असाल तर दर दोन तासांनी जागा का सोडता? मी सांगितलं की ते बीमार नाहीत, पण होऊ नयेत म्हणून शेडला लागून, आतल्या बाजूला, एक मुतारी बांधून द्यावी. म्हणजे नजरही मोडणार नाही. साहेबांनी फॉर्म उलटा करून मागची बाजू पाहिली. तिथे काही नव्हतं.

"आदमी या तो बीमार होता है, या नहीं होता," ते म्हणाले.

भाऊजींनाही अगदी हेच म्हणायचं होतं, त्यामुळे त्यांनी मान डोलावली. साहेबांना वाटलं विषय मिटला.

ज्येष्ठात विषय परत उघडला. भट्टीचा तिसरा दिवस होता, दुपारचे दोन. गजर झाला. ताईची शपथ होती, म्हणून भाऊजी डोळ्यावर गमछा बांधून साइडिंगपर्यंत गेले. तिथे मालगाडी उभी. ती कोणत्या खात्याची होती ते मी सांगत नाही, मी त्याच खात्याचा पगार खात होतो. गमछा बांधून मालगाडीखालून जाता येत नाही. भाऊजींनी तो सोडला आणि पाऊण तास त्या उन्हात, पाय आवळून उभे राहिले. गाडी हलली, काम झालं, ते परत आले, काच लावली. आत सगळं काळपट. भट्टी उतरली असं त्यांना वाटलं. सुखराम म्हणाला, दाई तो बने हवय, म्हणजे बरी आहे. पण सुखरामचं कोण ऐकतो. भाऊजींनी कोळसा घालायला लावला, आणि अर्ध्या तासाने नजर बसली तेव्हा आत पांढराफटक उजेड होता, विटा जळायला लागल्या होत्या.

दोन दिवसांनी भट्टी उघडली. विटा एकमेकींना चिकटून एक झाल्या होत्या, रंग जांभळ्याच्या वर गेलेला. प्लांटमधून तपासायला येणारा इन्स्पेक्टर प्रत्येक वीट बोटाने वाजवायचा. या वेळी त्याने एकच वाजवली आणि गाडीत जाऊन बसला.

अरुणकुमार साहेबांनी दुसऱ्या दिवशी लेखी कळवलं: पुढच्या महिन्यापासून गुलाबराव उघड्या मैदानात विटांच्या थप्प्या लावतील. तिथून संडास जवळ आहे. हे सौजन्य म्हणून लिहिलं होतं.

त्या दिवशी भाऊजींनी घड्याळाचा गजर बंद केला. मैदानात जायला अजून दोन भट्ट्या बाकी होत्या आणि त्या दोन ते आपल्या पद्धतीने भाजून दाखवणार होते. बारा तास, पाण्याशिवाय. जमलं तर साहेब हुकूम मागे घेतील अशी त्यांची खात्री होती. नागपूरची तारीख आली तेव्हा मी तिकिटं घेऊन घरी गेलो. ते जेवत होते.

"मी नाई येत," ते म्हणाले. "तीन महिने झाले. दुखून नाई राहिलं, रक्त नाई. जिथं काही होऊनच नाई राहिलं थे पाहाले दोनशे मैल कावून जाऊ? आत नळी घालून घ्याची, अन् त्यानं म्हणाचं, आहे तसाच हाये. हे तर मी घरी बसून सांगतो."

मी बाजूला ठेवलेली तिकिटं चाचपली. ताई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमी चार दिवस त्या भट्टीच्या भोकात डोया घालून बसता," ती म्हणाली. "तवा तिले काय झालं असते?"

"तिले कायले काय होईन?"

"मंग पाहून काय करता?"

भाऊजी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"होऊन गेल्यावर तं शंकू बी सांगते," ताई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

ते जेवण त्यांनी पुरं केलं. हात धुतले. मग मला म्हणाले की गाडी कितीची आहे, आणि खिडकीजवळची जागा नको, संडासाजवळची पाहा.

खानझोडेंची नळी पितळी, सरळ, आणि तिच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. ती कुठून आत घालतात हे मी लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांनी सुखात राहावं. मी पडद्याच्या अलीकडे उभा होतो. मधेच दिवा गेला. डॉक्टरांनी दुसरा मागवला. तो येईपर्यंत दहा मिनिटं भाऊजी तसेच पडून, आणि पडद्याआडून त्यांचा आवाज आला, की साहेब, घाई करू नका, बाहेरून आले असाल तर आधी नजर बसू द्या. मग दिवा आला.

"रंग कसा हाये?" भाऊजींनी विचारलं.

डॉक्टरांनी नळीला डोळा लावूनच सांगितलं. "बाजूने गुलाबी. चट्टा पांढरा, सपाट. कडा साफ आहेत."

"कडा लाल झाल्या तं?"

"तर मी तेव्हाच्या तेव्हा जाळून टाकीन. त्यासाठीच पाहतो."

"हां," भाऊजी म्हणाले. पाच महिन्यांत त्यांनी त्या माणसाला दिलेला तो पहिला होकार.

पण उठल्यावर डॉक्टरांनी विचारलं की पाणी आणि दोन तास पाळता ना. भाऊजींना खोटं बोलता येत नाही, ते नुसते छताकडे पाहू लागले. खानझोडे पहिल्यांदा चिडलेले मी पाहिले. ते म्हणाले, मी इथून पाहीन आणि तुम्ही तिथून घासत राहाल, तर मला दिवे जाळायची हौस नाही.

हे मी ताईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि सोमवारी सकाळी मला रजा टाकायला लावली. एक पितळी कळशी घेतली, ती सातूच्या पाण्याने भरली, वर गूळ आणि वेलदोडा, आणि आम्ही अरुणकुमार साहेबांच्या ऑफिसात गेलो.

घरची बाई ऑफिसात आली म्हटल्यावर साहेब उठून उभे राहिले. पाटण्याकडचा माणूस, सत्तूचा, म्हणजे आपल्या सातूचा, वास आल्यावर त्यांचे डोळेच भरून आले. ताईने एक पेला दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला ते नको म्हणत होते, पण बहिणीच्या हातचं कसं टाळणार. चौथ्यानंतर ताई खुर्चीवर बसली, तीही दरवाज्यात, आणि आपल्या यजमानांची हकीकत सांगू लागली. ती भंडाऱ्याच्या आव्यापासून सुरू झाली. मी प्रत्येक वाक्य हिंदीत सांगत होतो. ताईने घरीच बजावलं होतं की सावकाश सांग, साहेबांना समजलं पाहिजे.

अर्ध्या तासाने हकीकत लग्नापर्यंत आली. साहेब खुर्चीत जरा सरकले. पाऊण तासाने भिलाईत आली. साहेबांनी पायावर पाय घेतला, मग उलटा घेतला. तासाभराने खडा निघाला तेव्हा साहेबांच्या कपाळावर घाम होता आणि ते ज्या एकाग्रतेने ऐकत होते तसं माझं कोणी आजवर ऐकलेलं नाही. शेवटी ते अर्धवट उठून म्हणाले, बहनजी, एक मिनिट.

"बसा ना साहेब," ताई म्हणाली. "आत्ता कुठं एक तास अन् दहा मिनिटं झाले. आमचे हे बारा तास बसते. तुमी त्याइले हार घालता."

हे मात्र मी लगेच भाषांतर केलं.

साहेब कळशी ओलांडून गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा शांत, जवळजवळ साधूसारखा झाला होता. त्यांनी फॉर्म मागितला नाही. मुतारी नेमकी कुठे हवी एवढंच विचारलं.

जागा ठरली कोळशाच्या कोठीमागे, शेडच्या आत, मधे भिंत, म्हणजे दाईकडे पाठही नाही आणि तोंडही नाही. सुखरामने आधी तिथे लिंबू ठेवून परवानगी घेतली. विटा कुठून आणायच्या हा प्रश्नच नव्हता. जळक्या विटांचा डोंगर मैदानात पडला होता. भाऊजींनी त्या छिन्नीने सोडवून स्वतः निवडल्या. सोळाशे डिग्री उष्णता सोसेल अशी मुतारी मी तरी दुसरी पाहिलेली नाही. मैदानाचा हुकूम साहेबांनी फाडला नाही, फाइलमध्ये उलटा लावला.

इथवर सगळं ठीक होतं. पण अरुणकुमार साहेबांनी ही गोष्ट कारखान्याच्या मालकांना, रायपूरच्या शेठजींना, श्रमिक कल्याण म्हणून कळवली, आणि शेठजींनी उलट कळवलं की उद्घाटनाला आम्ही येतो.

ते आले श्रावणात, भट्टीच्या चौथ्या दिवशी. मुतारीच्या दाराला झेंडूची माळ आणि आडवी लाल फीत. अंधाऱ्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या. भाऊजींना समोर आणून उभं केलं, गळ्यात हार घातला. फोटोवाला दिवा चमकवणार हे दिसताच त्यांनी दोन्ही डोळे गच्च मिटले. त्या फोटोत ते समाधी लागल्यासारखे दिसतात. ताईने तो भिंतीवर लावलाय. ताईही आली होती, घड्याळ मांडीवर घेऊन. सकाळपासून तिने भाऊजींना तीन तांबे पाणी पाजलं होतं.

शेठजी बोलायला उभे राहिले. राष्ट्र उभं करायला पोलाद लागतं, ते म्हणाले. पोलादाला भट्टी लागते. मग ते भट्टीच्या इतिहासात गेले. तिथून गुप्तकाळात गेले, दिल्लीच्या लोहस्तंभाला वळसा घातला आणि वाटेत पंचवार्षिक योजना घेतली. भाऊजी एका पायावरून दुसऱ्या पायावर गेले. शेठजी विटांपर्यंत आले, तेव्हा गजर झाला.

बायांनी टोपल्या खाली ठेवल्या. कोळसेवाल्यांनी फावडी उभी केली. शेठजींना वाटलं हा आपल्या भाषणाचा मान आहे. ते दुप्पट आवाजात त्यागाविषयी बोलू लागले. ताईने गजर बंद केला नाही. अरुणकुमार साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा भाऊजींकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्या सोमवारची आठवण सरकून गेली. पण शेठजींना थांबवायचा रकाना त्यांच्या फॉर्ममध्ये नव्हता.

भाऊजी दोन पावलं पुढे आले. गळ्यातला हार काढून त्यांनी सुखरामच्या हातात दिला. शेठजींच्या बाजूला चांदीचं ताट होतं, त्यात रेशमी कापड, त्यावर फीत कापायची कैची. शेठजी म्हणत होते की या मजुराच्या संयमातून उद्याचा भारत उभा राहील.

"शेठजी," भाऊजी हळूच म्हणाले, "थोडी कैची देता का?"